शालूआत्याने ऐकलेलं

फोन आला तेव्हा मी पहिल्या पाळीत होतो. आमच्या लोट्याच्या कारखान्यात बाहेरचा फोन कंट्रोल रूमला सहसा जोडून देत नाहीत, पण गेटवरच्या माणसाने आवाजावरून काय ते ओळखलं असावं. पलीकडे रत्नागिरीच्या सावंतकाकू होत्या, माझ्या आत्याच्या शेजारच्या. काकू नेहमी भरभर बोलतात. त्या दिवशी मात्र त्यांनी आधी माझी चौकशी केली, चहा झाला का विचारलं, आणि मग म्हणाल्या, "विनय, शालूताई गेल्या रे. सकाळी दूध द्यायला गेले तर..." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही आणि मीही करायला लावलं नाही. लोट्याहून रत्नागिरीला येताना एस.टी.त मला रडू आलं नाही. झोपेतच गेली, त्रास झाला नाही, असं नंतर सगळे म्हणाले, आणि ते खरंच असणार. पण मला वाटेत सारखं एकच वाटत होतं, की ती गेली तेव्हा त्या घरात कोणाचाही आवाज नव्हता. जिने सगळी नोकरी माणसांचे आवाज एकमेकांना जोडून देण्यात घालवली, तिच्या वाट्याला अशी गप्प सकाळ यावी... त्याला आता दीडेक महिना होत आला. अजून ते मनातून जात नाही.

शालूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही, हे आमच्या घरात कोणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर होती, कानाला हेडफोन लावून समोरच्या बोर्डावर दोऱ्या खुपसायच्या त्या काळातली. मुंबईला ट्रंक कॉल लावायचा म्हणजे तास तास ताटकळायचे दिवस. गावातला पुरुष मुंबईला आणि घर इथे, त्यामुळे बाळंतपणं, मरणं, मॅट्रिकचे निकाल, मोडलेली लग्नं, सगळं आधी आत्याच्या कानावरून जायचं आणि मग घरी पोचायचं. पुढे यंत्रं आली, बोर्ड निघाला, आणि थोड्याच वर्षांत ती निवृत्त झाली. पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून गेलं की उजव्या हाताला तिचं घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे पडवी, कुंपणाला जांभ्या दगडाचा गडगा, एक फणस आणि दोन माड. समुद्र दिसत नाही, पण वारा त्या बाजूचा असला की ऐकू येतो. तिथे ती एकटी राहायची. एकटं राहणं तिला आवडतं, असं आम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

माझी बायको शुभदा गेली ते अठ्ठ्याण्णव साल. श्रावणात कावीळ झाली, साधी वाटली, आणि पंधरवड्यात सगळं संपलं. आम्ही तेव्हा खेडला भाड्याच्या जागेत राहायचो. कंपनीची बस कोपऱ्यावरून मिळायची. आमची सायली नुकती तीन वर्षांची झाली होती. बोलायला लवकर लागलेली आणि एकदा लागल्यावर न थांबणारी मुलगी. दाराशी आलेल्या भाजीवाल्यालासुद्धा ती रात्री काय स्वप्न पडलं ते सांगायची. बारावं-तेरावं झालं, माणसं आपापल्या गावी गेली, मी पाळीवर जाऊ लागलो आणि सायलीला शेजारी ठेवू लागलो. त्या दिवसांत तिचं बोलणं केव्हा कमी झालं ते मला सांगता येणार नाही. आधी शेजारच्यांशी बंद झालं, मग माझ्याशी. नवरात्र आलं तेव्हा पोर एक शब्दही बोलत नव्हतं. जेवायची, खेळायची, सांगितलेलं सगळं करायची, फक्त तोंडातून आवाज नाही. डॉक्टरांनी कान तपासले, कान उत्तम होते. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, धक्का बसलाय, आपोआप येईल. सासरची माणसं हेदवीला, पण सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. शुभदाचा भाऊ पुण्याला, नुकता संसाराला लागलेला. नातेवाईक मला दुसरं लग्न कर म्हणत होते, आणि त्यांचं बोलणं चालू असताना सायली आमच्याकडे बघत बसलेली असायची.

अशातच एक दिवस आत्या न कळवता खेडला आली. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत फणसाच्या आठळ्या. ती दिवसभर राहिली. सायलीशी ती काही बोलली नाही. दोघींनी मिळून आठळ्या सोलल्या एवढंच. संध्याकाळी परतीच्या गाडीची वेळ झाली तेव्हा चपला घालताना म्हणाली, "हिला माझ्याकडे दे. तू सुट्टीला येत जा."

"आत्या, ती बोलत नाही," मी म्हटलं.

"मला कुठे घाई आहे," आत्या म्हणाली.

सायली तिच्याकडे गेली ती दिवाळीच्या आधी. मी पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा मला वाटलं होतं, आत्या तिला बडबडगीतं शिकवत असेल, "म्हण बघू, म्हण बघू" करत असेल. तसलं काही नव्हतं. स्वयंपाकघरात जमिनीवर दोन पाट मांडलेले. सायलीच्या पुढ्यात एका ताटलीत वाल, चवळी आणि कुळीथ एकत्र केलेले, आणि शेजारी तीन वाट्या. पोरगी मान खाली घालून एकेक दाणा उचलून आपापल्या वाटीत टाकत होती. आत्या विळीवर भाजी चिरत होती. काम झालं की सायली वाट्या पुढे सरकवायची, आत्या नीट बघायची, मान हलवायची आणि ते सगळं दुपारच्या आमटीला जायचं. खोटं काम आत्या तिला कधी देत नसे. निवडलेलं शिजायचं, घडी घातलेले रुमाल कपाटात जायचे. तांब्यातलं पाणी न सांडता वाटीत ओतायला ती शिकली, मग काठोकाठ भरलेली वाटी दोन्ही हातांत धरून स्वयंपाकघरापासून तुळशीपर्यंत न्यायला शिकली. पहिल्या पहिल्यांदा निम्मं पाणी पडवीत सांडायचं. आत्या फडकं तिच्याच हातात द्यायची आणि आपण दुसरं फडकं घेऊन शेजारी बसून पुसायची.

हळूहळू खेळ वाढत गेले. एका पिशवीत फणसाचं, आंब्याचं, काजूचं आणि जास्वंदीचं पान टाकायचं, हात आत घालून न बघता ओळखायचं आणि बाहेरच्या तशाच पानाशी जोडी लावायची. आवळ्याएवढ्या खड्यांपासून वाटाण्याएवढ्यांपर्यंत समुद्रावरचे खडे उतरत्या क्रमाने मांडायचे. मोठ्या परातीत रांगोळी पसरून त्यात बोटाने आधी उभ्या रेघा, मग आडव्या, मग गोल काढायचे, परात हलवली की पाटी कोरी. त्याच परातीत पुढे ग आला, म आला, न आला. पण आत्याचा सगळ्यात आवडता खेळ डब्यांचा. पावडरचे रिकामे डबे तिने शेजारपाजारून गोळा केले होते. दोन डब्यांत तांदूळ, दोनांत चिंचोके, दोनांत वाळू, दोनांत शिंपले. डोळे मिटून डबा कानाशी हलवायचा आणि त्याचा जोडीदार शोधायचा. वाळूचा आणि तांदळाचा आवाज मला अजूनही नीट वेगळा सांगता येत नाही. सायली चुकायची नाही. कधी दोघी पडवीत डोळे मिटून नुसत्या बसायच्या. चढावर गाडीने गिअर बदलला, मासेवाली पाखाडी उतरायला लागली, सावंतकाकूंकडे रहाट फिरला, माडाची झावळ पडली... आवाज आला की सायली त्या दिशेला बोट दाखवायची आणि आत्या सावकाश त्याचं नाव सांगायची, रहाट, झावळ, गाडी. "म्हण" असं मात्र म्हणायची नाही.

मला ते बघून बरं वाटायचं आणि धीरही सुटायचा. एकदा मी म्हटलंच, की आत्या, हे सगळं ठीक आहे, पण बोलण्याचं काय. ती तांदूळ पाखडत होती. म्हणाली, "बोर्डावर नवीन मुलगी आली की पहिले काही दिवस आम्ही तिला बोलूच द्यायचो नाही. हेडफोन लावून नुसती शेजारी बसवायचो. घाईने बोलायला लागली की चुकीच्या माणसाला जोडून ठेवते." मला वाटलं, म्हातारीला सगळीकडे एक्स्चेंजच दिसतं.

लोट्याच्या नाक्यावर एक पी.सी.ओ. होता. पाळी संपली की रोज मी तिथून फोन करायचो. आत्याकडे फोन होता. नोकरीतून मिळालेली तेवढी एक चैन तिने जपली होती. आधी ती बोलायची, काय खाल्लं, ताप नाही ना, आणि मग म्हणायची, घे, सायलीशी बोल. मी बोलायचो आणि पलीकडे काहीच नसायचं, नुसता श्वास. पुढे आत्याने तिला एक युक्ती दाखवली. हो असेल तर रिसीव्हरवर नखाने एकदा टकटक करायचं, नसेल तर दोनदा. "जेवलीस?" टक. "आत्याआजीला त्रास दिलास?" टक टक. त्या काचेच्या खोपट्यात उभं राहून, बाहेर माणसं खोळंबलेली असताना, मी त्या आवाजावर काय काय ऐकायचा प्रयत्न करायचो ते माझं मलाच माहीत. बरेचदा मला रडू यायचं. मी रिसीव्हर लांब धरायचो, पण श्वास लपत नाही. मग टकटक थांबायची, आणि थोड्या वेळाने आत्याचा आवाज यायचा, "ठेव आता. उद्या कर."

एक वर्ष गेलं, दुसरं लागलं. मी तिला एका बालवाडीत घेऊन गेलो होतो. तिथल्या बाई प्रेमळ होत्या, पण त्यांनी नाव विचारलं, रंग विचारले, आणि शेवटी मला बाजूला घेऊन सांगितलं, बोलायला लागली की घेऊन या. पहिलीच्या प्रवेशालाही हेच होणार हे मला कळत होतं. एका नातेवाइकांनी मुक्याबहिऱ्यांच्या शाळेचा पत्ता दिला. मी तो आत्याला दाखवला. तिने तो वाचला, घडी घातली आणि मला परत दिला. म्हणाली, "अजून नको." एवढं खात्रीने म्हणाली की मला तिचा राग आला. तुला कुठे मूल आहे, तुला काय कळणार, हे शब्द ओठांपर्यंत आले होते. ते गिळले, पण चेहऱ्यावर दिसले असतील. ती उठून चहा टाकायला गेली.

त्या सुमाराला आत्याने एक नवंच सुरू केलं. मी सुट्टीला गेलो की मलाही खेळाला बसवायची. सायली, आत्या आणि मी, मध्ये शिंपल्यांचा ढीग. शिंपले लावता लावता आत्या सहज म्हणायची, "शुभदा कशी हसायची रे, सांग हिला." किंवा, "शुभदाला पोहता यायचं का?" पहिल्यांदा तिने विचारलं तेव्हा मी उठून विहिरीवर गेलो आणि पाणी काढत बसलो. घरात पाणी भरलेलं होतं. पुढच्या सुट्टीला तिने परत विचारलं. त्याच्या पुढच्यालाही. माझ्याच्याने एक वाक्य पुरं होत नसे. मला वाटायचं, ही बाई इतकी समजूतदार, हिला एवढं कळू नये, की पोरीसमोर तरी विचारू नये...

मग दोन हजार सालचा मे महिना. आत्याने कोकमाची सोलं वाळत घातली होती, सायलीचे हात लालभडक झाले होते. सावंतकाकूंनी कुर्ल्या, म्हणजे खेकडे, आणून दिल्या होत्या. त्यातली एक टोपलीतून निसटून अंगणात पळाली आणि सायली पडवीच्या कठड्यावर जाऊन उभी राहिली. घाबरलेली, पण डोळे चमकत होते. तिला तसं उभं बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगदी अशीच तुझी आई उभी होती." आणि मग मी सांगत गेलो. लग्न होऊन थोडे दिवस झालेले, खेडची ती जागा, शुभदाने मोठ्या हौसेने बाजारातून जिवंत कुर्ल्या आणल्या, त्यातली एक सुटून पलंगाखाली गेली. शुभदा हेदवीची, कुर्ल्यांत वाढलेली, पण पायात चावण्याची भीती. ती पलंगावर चढली ती मी पाळीवरून येईपर्यंत खाली उतरलीच नाही. मी दार वाजवतोय, आतून ही ओरडतेय, खिडकीतून या, दार उघडायला मी काही उतरत नाही. सांगताना मला हसू यायला लागलं. शुभदा गेल्यापासून तिचं नाव घेऊन मी हसलो तो हा पहिलाच प्रसंग. सायली कठड्यावर उभी राहून माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती. ती हसली, आवाज न करता, पोट धरून. आत्याने कुर्ली पकडून टोपलीत टाकली आणि आत निघून गेली.

त्याच आठवड्यात, पी.सी.ओ.वर. मी नेहमीसारखं विचारलं, जेवलीस का. टक आलं नाही. मी परत विचारलं. पलीकडे श्वास, आणि मग, अगदी कालपर्यंत बोलत असल्यासारखा, थोडा घोगरा आवाज आला.

"बाबा, ती कुर्ली मग सापडली का?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. सापडली म्हटलं असेन. मग बाहेर येऊन बराच वेळ नाक्यावर उभा होतो. समोरून कंपन्यांच्या बसगाड्या जात होत्या आणि मला कोणाला तरी सांगायचं होतं, आणि जिला सांगायचं ती नव्हती.

पुढचं सगळं जसं व्हायचं तसं झालं. सायली पहिलीत गेली आणि वाचताना कधी अडली नाही. चौथीपर्यंत आत्याकडेच होती. मग पुण्याच्या मामाने फार आग्रह केला, त्याच्याकडे तिच्याहून लहान बहीण होती, शाळा चांगली होती. मला ठरवता येईना. आत्या म्हणाली, "जाऊ दे. तिला माणसांत राहू दे." सायलीची ट्रंक तिनेच भरली. त्या जूनमध्ये मी रत्नागिरीला गेलो तेव्हा आत्या एकटीच आमटीचे वाल निवडत बसली होती. वालात दुसरं काही मिसळलेलं नव्हतं, नुसते खडे काढत होती.

त्यानंतर तिचं ऐकणं कमी होत गेलं. ज्या कानांवर तिचं आयुष्य चाललं, तेच गेले. आधी दाराची कडी ऐकू येईना, मग फोनची घंटा. मी मशीन आणून दिलं, तिने एक-दोनदा लावलं आणि काढून ठेवलं. म्हणाली, सगळे आवाज एकदम येतात, कोणता कोणाचा ते कळत नाही. सायलीचा पुण्याहून फोन यायचा तेव्हा सावंतकाकू येऊन रिसीव्हर तिच्या हातात द्यायच्या. आत्या अंदाजाने विचारायची, बरी आहेस ना, अभ्यास होतोय ना, आणि उत्तर ऐकू आल्यासारखं हसून, "बरं, बरं," म्हणायची. सायली तेव्हा बारा-तेरा वर्षांची, मैत्रिणींत रमलेली. तिचे फोन आखूड होत गेले. तेही बरोबरच होतं. माझ्याशीसुद्धा ती, "जेवले, बरी आहे, ठेवते," एवढंच बोलायची. शेवटची भेट गेल्या शिमग्यातली. आम्ही दोघं पडवीत बसलो होतो. खाली कुठेतरी पालखीचे ढोल वाजत होते, हवेत नुसते घुमत होते. मी विचारलं, "आत्या, ढोल ऐकू येतात?" तिने माझ्या ओठांकडे बघितलं आणि फणसाकडे हात करून म्हणाली, "होय तर, यंदा खूप धरलेत." मी ते दुरुस्त केलं नाही.

आत्याच्या दिवसांना सायली मामाबरोबर आली. सगळं उरकल्यावर मामा परत गेला, ती माझ्याजवळ चार दिवस राहिली. घर आवरायचं होतं. तिसऱ्या प्रहरी आम्ही दोघं स्वयंपाकघरात भांडी पुसून फळीवर लावत होतो. ती माझ्याकडे पाठ करून उभी होती. तशीच, न वळता, म्हणाली, "बाबा, एक सांगू? मी आजीशी आधीपासून बोलायचे."

मला कळलं नाही. आधीपासून म्हणजे?

"तुमच्याशी बोलायच्या आधी. पहिल्या शिमग्यापासून."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. पहिला शिमगा म्हणजे ती इथे आल्यावर चारेक महिन्यांनी. आणि मला तिचा आवाज ऐकू आला तो त्याच्या पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात. मधला सगळा काळ, ते रोजचे फोन, ती बालवाडी, तो शाळेचा पत्ता... आणि या घरात पोरगी बोलत होती. "आणि आत्याने मला सांगितलं नाही?" मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण सायली वळली.

"मीच नको म्हटलं होतं. तिने विचारलं का, तर मी सांगितलं, मी बोलले की बाबा रडतात." तिने हातातलं फडकं झटकलं. "खेडला मी आईचं काहीही विचारलं की तुम्ही रडायचात. मग दुसरं काही विचारलं तरी रडायला लागलात. मला वाटलं, माझ्या बोलण्याने होतंय. म्हणून मी थांबवलं."

मी पातेलं उचलून परत पुसायला लागलो. सायलीनेच पुढे सांगितलं. आत्या म्हणाली होती, बोर्डावर ऐकलेलं बोर्डावरच ठेवायचं, हा आमचा नियम आहे, तू सांगेपर्यंत मी कोणाला सांगणार नाही. पण मी बाबांना रडू न येता बोलायला शिकवते, ते शिकले की मग तू बोल. "ती मला म्हणायची, बाबा थोडे सावकाश शिकतात, आपण थांबू," सायली म्हणाली आणि हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

तेव्हा मला ते शिंपले आठवले, ते विचारणं आठवलं, आणि मी विहिरीवर जाऊन काढलेलं पाणी. सायलीला शिकवायचं त्यात काही नव्हतंच, ते सगळं माझ्यासाठी मांडलेलं होतं. मला राग आला. दोन दिवस मी आत्याच्या रिकाम्या खाटेकडे बघून मनातल्या मनात तिच्याशी भांडलो, की मला निदान एवढं कळवायचंस, पोर सुखरूप आहे, बोलतेय. मी तिथे नाक्यावर काय भोगत होतो ते तुला ऐकू येत होतं. आणि ऐकू येत होतं हे तर खरंच. एका बाजूला माझा श्वास आणि दुसऱ्या बाजूला पोरीचा गुपचूप चालणारा आवाज, दोन्ही ती ऐकत होती आणि जोडून देत नव्हती, कारण दोघांपैकी एक अजून तयार नव्हता. इतके दिवस ते पोटात ठेवून ती आमच्यामध्ये एकटी बसली होती. मग आम्ही दोघं बोलायला लागलो, आणि तिला कमी ऐकू येऊ लागलं. राग पुरता गेलाय असं मी म्हणणार नाही. पण ज्या माणसावर रागवायचं ते समोर नसलं की राग फार दिवस पुरत नाही.

जायच्या आदल्या संध्याकाळी सायलीने विचारलं, आईला पोहता यायचं का. मी सांगितलं, यायचं, हेदवीच्या खाडीत भावाबरोबर पैज लावून पोहायची. अजून सांगा, ती म्हणाली. मी सांगत राहिलो. सकाळी मी तिला पुण्याच्या गाडीत बसवून दिलं.

आता सुट्टी असली की मी रत्नागिरीच्या घरी येतो. घर विकायचं की ठेवायचं ते ठरलेलं नाही. खिडक्या उघडतो, केर काढतो, आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसतो. आत्याची बसायची जागा भिंतीकडची, तिथली फरशी इतरांपेक्षा गुळगुळीत झाली आहे. मी त्या जागेसमोर बसतो, सायली बसायची तिथे. गेल्या रविवारी असाच बसलो होतो, आणि केव्हा सुरुवात केली ते मला कळलं नाही, पण गडग्यापलीकडून सावंतकाकूंची हाक आली.

"विनय, कोण आलंय का रे? बोलल्यासारखं ऐकू आलं."

मी पडवीत येऊन म्हटलं, "नाही काकू, कोणी नाही." त्या जरा वेळ तिथेच थांबल्या, मग आत गेल्या. मीही आत गेलो, जागेवर बसलो, आणि शुभदाचं जिथे राहिलं होतं तिथून पुढे सांगायला लागलो.